मागे बसणाऱ्यांचे आलू

“आलू पडनार नाही म्हंजे नाही.”

“काहून नाही?”

“नाही म्हनून नाही. पारशिवनीहून पावने येऊन राहिले. वामनदादा येऊन राहिले. त्याईच्या ताटात आलू दिसला तं काय म्हनतीन?”

“काय म्हनतीन?”

“म्हनतीन, रुपरावानं भरती केली. मटन पुरलं नाही म्हनून आलू ढकलले.”

“मंग त्याईले वाढू नका. त्याईच्यासाठी नाहीतच ते.”

“मंग कोनासाठी हाय?”

“मागे बसनाऱ्यासाठी.”

अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीपुढे रुपराव उकिडवे बसले होते, हातात लांब दांड्याचा पळा. त्यांच्यापासून थोडं दूर, न्हाणीच्या दगडाशी, भागीरथा उभी होती. ओच्यात धुतलेले बारके बारके आलू. ओच्यातून पाणी ठिबकून पायावर पडत होतं, पण ती तिथून पुढे सरकत नव्हती. त्या दगडाच्या पलीकडे माणसांची, म्हणजे पुरुषांची, चूल होती.

हे भांडण माझ्या जन्माच्या आधीचं. फार आधीचं नाही. प्रेमिला, म्हणजे माझी आई, तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती, आणि मी तिच्या पोटात होते. पुढे आमच्या घरात हे भांडण इतक्या वेळा सांगितलं गेलं, आईने हळू आवाजात, आजीने माळ ओढता ओढता आणि भागीरथेने स्वतः दोन्ही बाजूंनी, की कोण कुठे थांबलं, कोणी कुठे नाक ओढलं, तेही मला पाठ आहे.

भागीरथा म्हणजे माझी मोठाई, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. रुपराव माझे मोठेबाबा. नागपूरच्या महाल भागात मोठेबाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या, त्यामागे अंगण. माझी आजी जिजाबाई माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून तिच्या चुलीवर मांस नाही, तिच्या छपराखाली मांस नाही. घर मात्र शेतकऱ्याचं, खाणारं. मग वाट काढलेली होती. मटण अंगणात शिजायचं, वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आणि ते माणसांनीच शिजवायचं. सुनांनी मसाला वाटून द्यायचा, भाकरी थापायच्या. मटणाच्या गंजाला हात लावायचा नाही. लावलाच तर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही.

आणि जेवताना पहिली पंगत माणसांची. मागे बसायच्या बाया.

मोठाई याच गोष्टीवरून पहिल्यांदा या घरात बोलली, असं आई सांगते. लग्न होऊन पारशिवनीकडच्या एका खेड्यातून ती महालात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, पोरगी मुकी आहे की काय. वाटलं तेवढंच. मग ती बोलायला लागली आणि थांबली नाही. ती भाकरीशी बोलते, नळाशी बोलते, सायकलच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी भिंतीआडून बोलते. कोणी रडत घरी आलं तर आधी विचारते, “जेवली का वं?” आणि उत्तर काहीही आलं तरी ताट मांडते. तिचं म्हणणं, उपाशी माणसाचं दुःख खरं की खोटं ते ओळखता येत नाही, आधी त्याला खाऊ घालावं, मग जे उरेल ते दुःख. आता पन्नाशीला आली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात. पण हे ताट मांडणं तसंच आहे.

तिच्या माहेरी मटणात आलू पडायचेच. तिकडे मटण बायाच करायच्या. मोठाईची आई आलू सोलायची नाही. बारके, गोल निवडायची, दाभणाने चारी बाजूंनी टोचायची, मीठ चोळून ठेवायची आणि मटण अर्धं शिजलं की सोडायची. टोचलेल्या भोकांतून तर्री आत जाते. आलू फोडला की मधोमध लाल. “मटन दाताले लागते,” मोठाई म्हणते, “आलू जिवाले लागते.”

तर भांडण.

“मागे बसनारे म्हंजे कोन?” मोठेबाबांनी विचारलं.

“मी बसतो, हे बसते.” तिने हनुवटीने आईकडे दाखवलं.

“तुमाले मटन नाही भेटत का?”

“रस्सा भेटते.”

“रस्सा म्हंजे मटनच होय ना.”

“हो. आन् बैलाची घंटी म्हंजे बैल.”

आईच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. ती उचलायच्या निमित्ताने ती वाकली ती वाकलीच; सहा महिन्यांचं पोट घेऊन हसू दाबणं सोपं नसतं.

“हसू नको वं तू,” मोठाई म्हणाली. “तुह्यासाठीच घसा कोरडा करून राहिली मी.”

ते खरं होतं. आईला श्रावणातच डोहाळे लागले होते, आणि लागले ते मटणाचे. श्रावणात कोणाला सांगणार? एक दिवस ती मसाल्याचा डबा उघडून नुसता वास घेत बसलेली मोठाईला सापडली. मोठाईने डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि म्हणाली, “पाडव्याले तुह्या पोटात भरीव काही जाईन. हा माहा शब्द.”

पाडवा म्हणजे आमच्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस. श्रावण संपलेला. नागपुरात त्या दिवशी सकाळी खाटकाकडे रांग आणि दुपारी मारबत. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती पाहायला गावोगावचे पाहुणे येतात, आणि मारबत पाहून झाली की ज्याच्या घरी उतरलेत त्याच्याकडे मटण जेवतात. शब्द तर दिला होता. पण मोठाईला मागच्या वर्षीची आखाडी आठवत होती. श्रावणाच्या आधी मटण झालं होतं, तेव्हा आई नवी होती. माणसं उठल्यावर दोघी बसल्या, तर आईच्या ताटात रस्सा आणि एक हाड. मोठाई म्हणाली होती, “चोख वं, आतमधी काही असन.” आईने चोखलं. आत काही नव्हतं. दोघी हसल्या होत्या तेव्हा. पण तेव्हा आई एकटीच्या पोटाची होती.

“हे पाय भागीरथा,” मोठेबाबा आता समजावणीच्या सुरात आले, “मटन सगळ्यांले पुरते. मी हाय ना वाढाले.”

“तुमी वाढता म्हनूनच तं बोलून राहिली. पावन्याच्या ताटात वाढता वाढता तुमचा हात थांबतच नाही.”

“पावन्यापुढे हात आखडता घेऊ का?”

“नका घेऊ. म्हनून तं आलू. तुमच्या माणसाईले आलू हलका वाटते ना? त्याले कोनी हात लावनार नाही. मटन त्याईचं, आलू आमचे. कोनाचं काही जात नाही.”

हिशेब चोख होता. म्हणूनच मोठेबाबा चिडले.

“या घरात माह्या बापानं मटन केलं, त्याच्या बापानं केलं. कोनं आलू टाकला नाही. मी टाकनार नाही.”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हाळी ऐकू आली आणि वामनदादा आत आले. मोठेबाबांचे चुलतभाऊ, वयाने थोरले, अंगाने दुप्पट, मिशा कानापर्यंत. सोबत गावचे दोघे. पारशिवनीच्या पट्ट्यात वामनदादांचं नाव दोन गोष्टींसाठी होतं: बैल पारखण्यासाठी आणि नळी फोडण्यासाठी. बोकडाची नळी ते आपटून फोडत नसत, दाढेखाली धरून फोडत. पंगतीत त्यांच्यासाठी नळी राखून ठेवायची आणि ती फुटल्याचा आवाज आल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

“काय गा रुपराव, वास तं चौकापर्यंत येऊन राहिला,” वामनदादा म्हणाले. “चाल, मारबत पाहून येऊ. मंग बसू.”

मोठाई पदर ओढून आत सरकली. माझे वडील, गोविंदा, छापखान्यातून सुटी घेऊन घरी होते; तेही चपला घालायला लागले. मोठेबाबा गंजाकडे पाहत राहिले, मग उंबऱ्याकडे.

“जाळ पाहात राहा,” ते म्हणाले. “नुसता जाळ. समजलं का?”

“समजलं ना जी.”

माणसं गेली. लांबून ढोल ऐकू येत होते. मोठाईने लाकूड मागे ओढलं, जाळ बेताचा केला, आणि मग बराच वेळ त्या गंजासमोर उभी राहिली. झाकणाच्या ताटलीवर पाणी होतं, त्याला बुडबुडे यायला लागले होते. म्हणजे मटण अर्ध्यावर आलं होतं.

“बाई,” आई उंबऱ्यावरून म्हणाली, “राहू द्या ना. माह्यापाई भांडन नको. मले रस्सा चालते.”

“तुले चालते. त्याले चालते का, इचारलं का?” मोठाईने आईच्या पोटाकडे बोट केलं.

आणि ती दगडाच्या पलीकडे गेली. पदर दुमडून झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली, आलू एकेक करून गंजाच्या कडेने आत सोडले. रस्सा उडून मोठेबाबांना सापडू नये, म्हणून एकेक. पळ्याने त्यांना तळाशी ढकललं. झाकण ठेवलं, वर पुन्हा पाणी ओतलं. मग सरळ न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. तेवढा नेम तिने पाळला. आजीचा नेम तिला कधी खोटा वाटला नाही. तो माणसांच्या सोयीने वळवला जातो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आजी मागच्या ओसरीत माळ ओढत बसली होती. मोठाई समोरून गेली तशी माळ थांबली.

“भागीरथा.”

“जी, मामीजी.”

“तुहे केस ओले काहून हाय वं?”

“लय घाम आला होता. आंघोळ केली.”

“सकाळी केली होती ना?”

“केली होती.”

“लुगड्याले बी घाम आला का? तेबी बदललं तुवा.”

मोठाई गप्प. ती गप्प बसल्याचे प्रसंग आमच्या घरात मोजकेच आहेत, त्यातला हा एक. आजीने दोन मणी पुढे सरकवले आणि विचारलं, “झाकन नीट ठेवलं ना?”

“कायचं झाकन?”

“गंजाचं वं. वाफ निघून गेली तं आलू मधोमध टनक राहून जाते.”

आई सांगते, तिला तेव्हा काय करावं कळेना, म्हणून ती उगीचच परातीत पीठ घ्यायला लागली. मग धीर करून म्हणाली, “मामीजी, तुमाले माळ घातली तवा कठीन नाही गेलं? एकदम सोडून द्याचं म्हंजे.”

“कायचं कठीन,” आजी म्हणाली. “जे ताटात येतच नव्हतं, ते सोडाले किती वेळ लागते?”

आणि पुन्हा माळ ओढायला लागली.

माणसं परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सगळ्यांच्या अंगावर गुलाल, घसे बसलेले. अंगणात पत्र्याखाली सतरंजी पडली. कांदा, लिंबू, वर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून ठेवलेला. आई भाकरी थापत होती, मोठाई शेकून दारापर्यंत आणून देत होती, बाबा त्या पंगतीत पोचवत होते. वाढायला मोठेबाबा.

त्यांनी झाकण काढलं. नेहमीसारखं पंगतीकडे एकदा पाहिलं, पळा खोल घातला, वर काढला. पळ्यात मटणाच्या दोन फोडी आणि एक आलू. तर्रीत न्हाऊन तांबडाबुंद.

मोठेबाबांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज मात्र जरा जोरात यायला लागला.

पाहुण्यांसमोर बोलणार काय? त्यांनी आलू हळूच परत सोडला. पुन्हा पळा घातला. पुन्हा आलू. मग त्यांनी गंज जरा आडवा केला आणि विहिरीत पडलेली बादली गळाने काढावी तसे फोडी शोधून शोधून वाढायला लागले.

“काय गा, काय हरवलं काय तुहं?” पाहुण्यांतला एक म्हणाला.

“नाही, नाही. चांगलं चांगलं पाहून राहिलो तुमच्यासाठी.”

आत मोठाई दाराच्या फटीला डोळा लावून उभी. “नाही वाढले,” ती कुजबुजली. “सगळे परत टाकले. मी म्हनलं नव्हतं? खा मंग आता पोटभर.”

आई भाकर थापता थापता हसली.

पण फटीतून मोठाईला दुसरंच काही दिसायला लागलं. वामनदादा रस्सा ओरपत होते, भाकर कुस्करत होते; फोडी मात्र या गालातून त्या गालात फिरवून हळूच ताटाच्या कडेला ठेवत होते. कडेला ओळ लागली होती. झाकण उघडल्याने मटण कच्चं राहिलं की काय? तसं असेल तर सगळं तिच्यावर येणार होतं.

तेवढ्यात मोठेबाबांनी वामनदादांना रस्सा वाढला. घाईत वाढला, आणि पळ्याच्या काठावरून एक आलू घरंगळून सरळ त्यांच्या ताटात जाऊन बसला.

पंगत पाहत होती. वामनदादांनी मान वाकवून पाहिलं.

“रुपराव, हे काय होय?”

“आलू होय, दादा.”

“आलू?”

“ते आपलं... असंच.”

वामनदादांनी बोटाने आलू दाबला. तो दबला आणि फुटला, आतून लाल. त्यांनी तो उचलून तोंडात टाकला. मिशा एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या.

“कोनं टाकला हा?”

“मी,” मोठेबाबा म्हणाले.

हे ‘मी’ ते आपल्या बायकोवर येणारा ठपका अंगावर घ्यायला म्हणाले, की वामनदादांचा चेहरा पाहून तारीफ घ्यायला, यावर घरात अजून दोन मतं आहेत. बाबांचं मत पहिलं. मोठाईचं दुसरं.

“अजून एक टाक,” वामनदादा म्हणाले.

मोठेबाबांनी टाकला.

“बाई,” आत आई म्हणाली, “काय झालं?”

“एक गेला,” मोठाई म्हणाली. मग, “दोन गेले.”

“दादा नळी ठेवली तुमच्यासाठी,” मोठेबाबांनी गंज चाळवला. “हे घ्या. फोडा.”

“राहू दे ना. आज आलू खाऊन राहिलो.”

“असं कसं, वामनराव,” पाहुण्यांतला दुसरा म्हणाला. “नळी फुटल्याबिगर आमी उठू कसे? दात दुखते काय?”

“दुखाले असले तं पाहिजे ना,” वामनदादा म्हणाले.

वामनदादांनी स्वतःच तोंड उघडून दाखवलं. दोन्हीकडच्या दाढा गेलेल्या. उन्हाळ्यातच काढल्या होत्या, नागपुरात धंतोलीत येऊन, गावात कोणाला न सांगता. मग ते हसायला लागले, आणि त्यांच्या हसण्यानंतरच बाकीच्यांनी हसायचं धाडस केलं.

“तेव्हापासून मटनाच्या पंगतीले जातच नाही मी,” ते म्हणाले. “इथं आलो ते भावाचं घर म्हनून. वाटलं, रस्सा खाऊन उठून जाईन. टाक गा रुपराव, लाजू नको. याईले बी वाढ. पाय तं काय चीज केली हे माह्या भावानं.”

थोरला खातो म्हटल्यावर बाकीचे खाणारच. आता सगळ्यांना आलू हवे झाले. मोठेबाबा जे आतापर्यंत चुकवत होते, तेच आता शोधून शोधून वाढायला लागले. वर रीतही सांगायला लागले: “दाभनानं टोचा लागते. चारी बाजूनं. मंग मीठ.”

“पाय वं पाय,” मोठाई फटीशी दात खाऊन म्हणाली. “मीठ म्हनते. पटकन भात दे इकडे.”

“आत्ताच? भाकरी चालूच हाय त्याईच्या.”

“भात गेला म्हंजे भाकर बंद. भाकर बंद म्हंजे आलू बंद. दे लवकर.”

बाबांच्या हाती भाताची परात गेली. वामनदादांनी भात घेतला, त्यावर आलू घेतला, कुस्करला, रस्सा ओतून घेतला आणि म्हणाले, “हे तं अजून जमलं.”

मोठाई फटीपासून मागे झाली आणि चुलीपुढे बसली. “चालले,” ती म्हणाली. “तुहे सगळे आलू चालले वं प्रेमिला.”

“जाऊ द्या, बाई.”

“जाऊ कसे देऊ? शब्द दिला होता मी.”

ती रडली नाही. तिने तव्यावरची भाकर उलटली, कडा दाबल्या, फुगवली, आणि ती भाकर पंगतीत न देता आईसाठी बाजूला ठेवली. त्या वेळी तिच्या हाती तेवढंच होतं.

जेवणं झाली. वामनदादा सोबत्यांना घेऊन दुकानापुढच्या बाजेवर पान खात बसले. बाबांनी सतरंजी झटकली. मागच्या ओसरीला लागून, छपराच्या बाहेर, बायांचे पाट पडले. आजी आपला दहीभात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आईने ताट घेतलं, मोठाईने घेतलं. मोठेबाबा गंज घेऊन आले.

एरवी ते गंज ठेवून लगेच निघून जात. भावजय जेवायला बसली असताना भासऱ्याने, म्हणजे तिच्या थोरल्या दिराने, तिथे उभं राहायचं नाही, ही रीत. आई त्यांना पाहून पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची. पण त्या दिवशी त्यांच्या पोटात सकाळपासूनचं भांडण होतं. ते पळा हातात धरून उभेच राहिले.

“गंजाले हात लावला तू.”

“लावला,” मोठाई म्हणाली. “मंग आंघोळ बी केली. मामीजीले इचारा.”

“भिंतीले इचारा,” आजी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “मी जेवून राहिली.”

“मले न इचारता टाकले.”

“इचारलं ना. सकाळपासून तेच तं इचारून राहिली होती.”

“आन् एक बी उरला नाही,” मोठेबाबा म्हणाले. आवाजात राग होता, पण त्यात दुसरंही काही होतं. “मले बी नाही भेटला. सगळ्याईले वाढता वाढता खतम.”

मोठाईला हसू येणार होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण मोठेबाबांनी पळा गंजात फिरवला आणि त्यात आवाज झाला. नुसत्या रश्शाचा नव्हे, फोडींचा, भरलेल्या गंजाचा. वामनदादांनी मटण खाल्लंच नव्हतं, आणि बाकीच्यांचं पोट आलूनेच भरलं होतं.

“हे मटन झाकून ठेवतो,” मोठेबाबा म्हणाले. “दादा मुक्कामी हाय. संध्याकाळी सोबती बसतीन पुन्हा. तुमी रस्सा घ्या.”

आईने ताट जरा पुढे सरकवलं, रश्शासाठी. ताटात ती बाजूला ठेवलेली भाकर होती, कांद्याची फोड होती, आणि मधली जागा मोकळी होती.

“अजी,” मोठाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. आई म्हणते, तिने तो आवाज त्यापूर्वी ऐकला नव्हता आणि नंतरही फारसा नाही. “एक इचारू का? मागच्या साली आखाडीले आपल्या घरी मटन झालं होतं. तवा हिच्या ताटात काय होतं, तुमाले माहीत हाय का?”

मोठेबाबा गंजात पाहत राहिले.

“मी भांडाले नाही इचारून राहिली. खरंच इचारून राहिली. माहीत हाय का?”

आजीचा घास थांबला होता. आईने पदराआडून पाहिलं, तर मोठेबाबांचे डोळे तिच्या ताटावर होते, ताटातल्या मोकळ्या जागेवर. या घरात आल्यापासून त्यांनी तिच्या ताटाकडे कधी पाहिलं नव्हतं. रीतच नव्हती पाहण्याची.

ते वाकले. पळा खोल घातला आणि फोडी काढल्या. आईच्या ताटात वाढल्या. मग पुन्हा घातला. वामनदादांसाठी राखलेली नळी वर आली, ती त्यांनी पळ्याच्या काठाने सारून आईच्या भाकरीवर ठेवली. “बस, बस,” आई पदराआडून पुटपुटली, पण भासऱ्याशी बोलायचं नसतं, म्हणून ते तिने भाकरीलाच सांगितलं. ते थांबले नाहीत. मग मोठाईचं ताट. मग पुन्हा आईचं. रस्सा वाढला, वर तर्री घातली.

पळा त्यांनी गंजात उभा ठेवला, दांडा मोठाईकडे करून.

“सांगा ना जी,” मोठाई म्हणाली. “काय होतं?”

मोठेबाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि अंगण ओलांडून बाहेर निघून गेले.